भाचीबाई फौजदार झाल्या

पोरी, नाशिकच्या अकादमीतून खांद्यावर दोन तारे लावून आलीस. आता नियमानं बघायचं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या मामानं तुला सॅल्यूट ठोकायचा. पण मामा तो मामा. आधी तू वाकून नमस्कार कर, सॅल्यूटचं नंतर बघू.

कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले नि कलमांचे आकडे बदलले. साक्षीदाराच्या जबाबाचं कलम विचारलं की तू झटकन 180 म्हणतेस आणि माझ्या तोंडी अजून 161च येतं. तेव्हा कलमं तुझी तुला लखलाभ. मी सांगतोय त्या दोन कलमांच्या मधल्या सवयी. कुठून शिकलो ते विचारू नकोस, म्हाताऱ्याची थोडी अब्रू राहू दे. फक्त एवढं ध्यानात घे, की तू आज रात्री डुलक्या खात जे लिहिशील ते तीन-चार वर्षांनी एक वकील भर सकाळी, चहा पीत, हातात पेन्सिल घेऊन वाचणार आहे. त्याला कसली घाई नसते.

1. घटनास्थळी पोचलीस की आधी हात मागं बांधून उभी राहा – दोन मिनिटं नुसतं बघितलं की कुठं पाय टाकायचा नाही ते कळतं.

2. दोरी बांध, आत-बाहेर जायची एकच वाट ठरव, आणि कोण कोण आत गेलं त्यांची नावं टाचणात लिही – सरपंच, पोलीस पाटील, पत्रकार आणि आपले मोठे साहेब, सगळ्यांच्या पायांचे ठसे तिथंच उमटतात. चपला गावाच्या, ठसा मात्र चोराचा म्हणायचा, असं होऊ नये.

3. तिथल्या नळाला हात धुवायचे नाहीत, मोरीत जायचं नाही, माव्याची पिचकारी तर मुळीच नाही – थुंकीतही डीएनए असतो, आणि तो आपल्याच शिपायाचा निघाला की आरोपीच्या वकिलाला वेगळं काही करावं लागत नाही.

4. जखमी जिवंत असेल तर पुरावा गेला खड्ड्यात, आधी दवाखाना. डॉक्टरांना एकच विनंती कर, की कपडे कापताना भोसकल्याच्या भोकावरून कात्री नको – ते भोक आणि अंगावरची जखम जुळवून बघायची असते.

5. आधी फोटो, मग हात. लांबून एक, मधून एक, जवळून एक, आणि जवळच्या फोटोत वस्तूशेजारी पट्टी ठेवलेली – नुसत्या फोटोत सुरी आणि तलवार सारखीच दिसते.

6. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्या कायद्यात फॉरेन्सिकच्या माणसांनी जागेवर यायचं आहे. त्यांची व्हॅन येईपर्यंत ‘तोवर थोडं उरकून घेऊ’ हा विचार मनात आणू नकोस – उरकलेलं पुन्हा पसरता येत नाही.

7. पंचनाम्यात चतुःसीमा लिहिताना मापं हलणार नाहीत अशा वस्तूंपासून घे. ‘उभ्या मोटारसायकलीपासून 4 फुटांवर’ लिहू नकोस – मोटारसायकल संध्याकाळी घरी जाते, विजेचा खांब जात नाही.

8. रात्रीचा पंचनामा असेल तर कोणत्या उजेडात लिहिलास ते लिही, बॅटरी, जीपचे दिवे की पथदिवा – नाही तर अमावस्येच्या रात्री शर्टाचा रंग कसा कळला, हा प्रश्न ठरलेला.

9. आपण लिहितो ‘पिवळ्या धातूचे मंगळसूत्र’ आणि ‘रक्तासारखे डाग’, त्यावर तू अकादमीत हसली असशील. हसू नकोस – सोनं आहे हे सराफ सांगेल, रक्त आहे हे प्रयोगशाळा सांगेल. आपल्या डोळ्यांना दिसलं तेवढंच आपलं.

10. रक्तमिश्रित माती उचललीस की तिथून हातभर लांबची साधी मातीही उचल, वेगळ्या डबीत. प्रत्येकीला स्वच्छ, वेगळा चमचा. डबीवर तिथंच लिही, गाडीत बसल्यावर नव्हे. साधी माती कशाला, असं नवीन शिपाई हमखास विचारतो – तपासणाऱ्याला आधी त्या जमिनीत मुळात काय आहे ते बघावं लागतं, मगच वरून काय सांडलं ते सांगता येतं. भिंतीवरचा डाग खरवडलास तर शेजारचा स्वच्छ चुनाही थोडा खरवड. फरशीवरचा डाग ओल्या कापसानं टिपलास तर न वापरलेला तसलाच कापूसही पाठव.

11. ओले, रक्ताळलेले कपडे सावलीत, वेगवेगळ्या कागदांवर वाळव, मगच कागदी पाकिटात बांध. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस – आत वाफ धरते, बुरशी येते आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. ओला कपडा नि गोड सबब, दोन्ही लवकर कुजतात.

12. मयताचे कपडे आणि आरोपीचे कपडे एका टेबलावर, एका पिशवीत, एका माणसाच्या हातात कधीच नको. जमलं तर एका गाडीतही नको – आरोपीच्या शर्टावर मयताचं रक्त सापडलं हाच तुझा मोठा पुरावा असेल, तर ते तिथं आपल्या टेबलावरून गेलं नाही हे तुलाच दाखवायचंय.

13. वस्तू बदलली की हातमोजे बदल – स्वस्त आहेत. संपले तर साहेबांकडे मागणीचा कागद दे आणि त्याची पोच ठेव.

14. पिस्तूल सापडलं तर सिनेमातल्यासारखं नळीत पेन घालून उचलू नकोस – नळीच्या आतल्या खुणाच तर बघायच्या असतात. आणि भरलेलं हत्यार ज्याला हाताळता येतं त्यालाच ते रिकामं करू दे – इथं लाजायचं कारण नाही.

15. लेबलवर गुन्हा नंबर, वस्तू, जागा, तारीख, वेळ आणि पंचांच्या सह्या. तुझी आजी लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावायची ना, कुठलं लोणचं, कधी घातलं, कोणी हात घालायचा? तितकं बारीक – चार वर्षांनी कोर्टात बंडल उघडलं की आतल्या वस्तूची ओळख ती चिठ्ठीच देते.

16. लाखेचं सील दोऱ्याच्या गाठीवर बसलं पाहिजे, बाजूला कागदावर नव्हे. सीलचा नमुना वेगळ्या कागदावर उठवून प्रयोगशाळेच्या पत्रासोबत पाठव – तिथला माणूस आधी ‘सील शाबूत आणि नमुन्याप्रमाणे’ एवढं बघतो, मग कात्री हातात घेतो.

आता पंच. या पंचांपायी किती खटले आडवे झाले ते सांगत बसलो तर तुझी रात्रपाळी संपेल.

17. पंच दोन, त्याच भागातले, स्वतंत्र, चार लोकांत मान असलेले – कायद्याचं म्हणणंही तेच आहे. ठाण्यासमोरच्या टपरीवाल्याला दर वेळी बोलावू नकोस – ‘आजवर किती पंचनाम्यांवर सही केलीत?’ या एका प्रश्नात तो बसतो. पंच ओळखीचा, निकाल अनोळखी.

18. पंचाला खरोखर दाखव. हातात टॉर्च दे, वाकायला लाव, मोजपट्टीचं एक टोक धरायला लाव – ज्यानं पट्टी धरली त्याला आठवतं. जो कट्ट्यावर बसून सही करतो त्याला फक्त चहा आठवतो.

19. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखव, त्याला कळेल अशा भाषेत, आणि सही प्रत्येक पानावर घे. कोऱ्या कागदावर सही? नाव काढू नकोस.

20. सुरुवातीची वेळ आणि संपल्याची वेळ, दोन्ही लिही, आणि ती घड्याळ बघून. अंदाजानं ‘10.00 ते 11.00’ लिहायची आपली जुनी खोड आहे – जगात इतके पंचनामे बरोब्बर तासाभराचे होत नसतात.

21. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं असतं. मोबाईल ज्याच्या हातात त्याला आधीच सांग, की मागून ‘आटपा की लवकर, भूक लागली’ असं बोलायचं नाही – तो आवाज कोर्टात सगळ्यांना ऐकू येतो.

22. पंचनाम्याची वेळ, जबाबाची वेळ आणि स्टेशन डायरीतली तुझी नोंद रात्री एकदा शेजारी ठेवून बघ. पंचनाम्यात तू 4 वाजता शेतावर, जबाबात 4.15 ला ठाण्यात, आणि मध्ये 20 किलोमीटरचा खडी पसरलेला रस्ता – उलटतपासात हे कुणी विचारलं की भल्याभल्या साहेबांना घाम फुटलेला बघितलाय.

जबाबाकडे मी जरा जास्त वेळ देणार आहे. कंटाळा आला तर उठून पाणी पिऊन ये, पण परत ये.

23. आधी पूर्ण ऐक, मग पेन उचल – पहिल्या वाक्यापासून लिहायला लागलीस की माणूस तुझ्या पेनच्या वेगानं बोलायला लागतो आणि मधलं विसरतो.

24. साक्षीदाराला खुर्ची, पाणी आणि पंखा – जो तासभर ठाण्याच्या बाकावर ताटकळतो तो लवकर सुटण्यापुरतं बोलतो.

25. पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीवरचा पुरुष, कोणत्याही वयाची बाई, अपंग, आजारी, यांना जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. तूच त्यांच्या घरी जा – स्वतःच्या ओट्यावर माणूस जास्त खरं बोलतो, आणि घर कसं आहे, खिडकीतून काय दिसतं, हेही बघून होतं.

26. शब्द साक्षीदाराचे ठेव. म्हातारी म्हणाली, ‘त्यानं कोयता हाणला’, आणि आपल्या रायटरनं लिहिलं, ‘सदर इसमाने त्याचे हातातील धारदार शस्त्राने मयताचे डोकीवर वार करून गंभीर दुखापत केली.’ आता तीन वर्षांनी ती पिंजऱ्यात उभी राहते. वकील गोड आवाजात विचारतो, ‘आजी, इसम म्हणजे काय हो?’ आजी गप्प. ‘गंभीर दुखापत हा शब्द तुम्ही वापरलात?’ आजी म्हणते, ‘न्हाय बा.’ झालं, जबाब पोलिसांनी मनानं लिहिला असं तिच्याच तोंडून निघालं. आणि बिचारी पहिल्यापासून खरंच बोलत होती. ‘कोयता हाणला’ म्हणाली, तर ‘कोयता हाणला’ असंच लिही – जबाब सजला की साक्ष लाजते.

27. रायटर हुशार असेल तर जास्त लक्ष ठेव – त्याच्याकडे दहा वर्षांचे तयार जबाब असतात, त्यात नावं बदलायची तेवढी बाकी असतात.

28. प्रत्येक साक्षीदाराचा जबाब वेगळा आणि त्याचाच. एकाचा संगणकावर घेऊन नाव-वय बदलून चार काढू नकोस. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं याच ‘कॉपी-पेस्ट’ जबाबांवरून पोलिसांचे चांगलेच कान उपटले – चार माणसं एकच भांडण बघतात पण चार जागांवरून, आणि चौघांच्या जबाबात स्वल्पविरामसुद्धा एकाच जागी आला तर कोण विश्वास ठेवणार?

29. बघितलं काय आणि ऐकलं काय, हे वेगळं लिही. ऐकलं असेल तर कुणाकडून तेही – मग त्या माणसाचाही जबाब घ्यायचा असतो, आणि तो राहून जातो.

30. कुठं उभा होतास, किती लांब, उजेड कशाचा, आरोपीला आधीपासून ओळखतोस का, कसा? हे पाच प्रश्न प्रत्येक प्रत्यक्षदर्शीला – तू नाही विचारलेस तर ते वकील विचारतो, आणि उत्तर जबाबात नसलं की ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं’ म्हणून साक्षीदारावरच उलटवतो.

31. ‘माहीत नाही’ हेही उत्तर आहे, तसंच लिही – मोकळी जागा भरायचा मोह वाईट.

32. तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घ्यायची नसते, हे पाठ असूनही हात सवयीनं पेन पुढं करतो. फिर्यादीवर मात्र फिर्यादीची सही हवीच, आणि तिची प्रत त्याला लगेच, फुकट द्यायची – झेरॉक्सचे दोन रुपयेसुद्धा मागायचे नाहीत.

33. जबाबाला उशीर झाला तर कारण त्याच दिवशी केस डायरीत लिही: साक्षीदार ऊसतोडीला गेला होता, बेशुद्ध होता, बाळंतपण होतं – खरं कारण लिहिलेलं असलं तर उशीर खपतो. न लिहिलेला उशीर म्हणजे ‘साक्षीदार नंतर उभा केला.’

34. नंतर काही नवीन कळलं तर पुरवणी जबाब घे. जुना फाडून नवा लिहू नकोस – जुन्याची नोंद कुठं ना कुठं राहतेच. खोडायचं तर एक रेघ मार, खालचं वाचता येऊ दे, बाजूला सही कर. व्हाईटनरची बाटली टेबलावर ठेवूच नकोस.

35. पोक्सोतल्या, म्हणजे लैंगिक अत्याचार झालेल्या, लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल तिथं, शक्यतो फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या बाई अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता, आई-वडील किंवा त्याचा भरवशाचा माणूस शेजारी असताना. म्हणजे हे काम तुझ्याकडेच येणार, तेव्हा दोन-चार साधे सलवार-कुर्ते ठाण्यातल्या कपाटात ठेव – फोन आला की घरी जाऊन कपडे बदलण्यात वेळ जातो, आणि वर्दीतच निघायचा मोह होतो. लेकरू ज्या शब्दांत बोलेल ते शब्द तसेच. त्याला ‘नीट सांग’ म्हणू नकोस, ते नीटच सांगत असतं.

36. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडं भिली आणि पावरी. बदली कुठंही होईल. दुभाषा घे, त्याचं नाव-गाव जबाबात लिही, आणि तो आरोपीचा किंवा फिर्यादीचा सोयरा नाही ना एवढं बघ – मधल्या माणसाची मान हलली की अर्थ हलतो.

37. जळीत बाईचा मृत्यूपूर्व जबाब हे आपल्या कामातलं सगळ्यात जड काम. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळव, डॉक्टरांकडून ‘जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ असं लिहून घे, नातेवाईक सगळे बाहेर, माहेरचे आणि सासरचे दोघंही. जमेल तितकं प्रश्न आणि उत्तर असंच लिहायचं. अंगठा भाजला असेल तर कुठल्या बोटाचा ठसा घेतला आणि का, हे लिही. दंडाधिकारी पोचेपर्यंत वेळ नाही असं दिसलं तर तूच लिहून घे. 2002 मध्ये आपल्याच राज्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलंय, की केवळ डॉक्टरांचा दाखला नाही म्हणून असा जबाब आपोआप बाद होत नाही – पण म्हणून दाखला मागायचाच सोडू नकोस. डॉक्टर बहुतेक वेळा दोन खोल्या पलीकडेच असतात.

38. घाबरलेला, उद्या फिरेल असा साक्षीदार असेल तर त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यायचा अर्ज लवकर दे – गावातली मंडळी त्याच्याकडे जाऊन बसण्याआधी.

आरोपीबद्दल थोडकंच सांगतो, कारण इथं करायचं कमी आणि न करायचं जास्त आहे.

39. खास कायद्यांतले अपवाद सोडले तर पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, साहेबांपुढची नाही नि आयुक्तांपुढचीही नाही. तेव्हा ती मिळवायला हात उचलण्यात पापही आहे आणि मूर्खपणाही – तेवढ्या वेळात दोन सीसीटीव्ही बघून होतात.

40. चालतं ते एवढंच: त्यानं सांगितलं म्हणून जे सापडलं, तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं. निवेदन पंचनाम्यात त्याचेच शब्द ठेव. गाडीत तो वाट सांगेल, चालक त्याच्या सांगण्यावरून वळेल, आणि कुठं वळलात ते लिही – जीप आधीच विहिरीपाशी उभी असेल तर मग आरोपीनं दाखवलं काय?

41. दोन आरोपी असतील तर दोन वेगळी निवेदनं. ‘दोघांनी एकमुखाने सांगितले’ हे वाक्य मी एका कागदावर वाचलं होतं – भजनी मंडळातही इतका ताल नसतो.

42. ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचं तोंड झाकून ने, आणि त्याचा फोटो ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नकोस. साक्षीदार आणि तो व्हरांड्यात समोरासमोर येणार नाहीत असं बघ – एक नजर पडली तरी परेड वाया गेली.

43. आरोपी सांगतो की त्या रात्री मी सोलापूरच्या एसटीत होतो, तर तिकीट, वाहक, स्थानकाचा कॅमेरा, सगळं तपास – खरं निघालं तर एक निरपराध सुटला आणि खरा माणूस अजून मोकळा आहे हे तुला वेळेत कळलं. खोटं निघालं तर तुझी केस पक्की.

यंत्रांचं तू मला शिकवायचं. तरी चार गोष्टी.

44. सीसीटीव्ही पहिल्याच दिवशी घे, जबाबांच्याही आधी – दुकानदाराची डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि ते किती दिवसांनी हे त्यालाही माहीत नसतं.

45. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि तुझ्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत टिप, आणि फरक पंचनाम्यात लिही. किराणा दुकानाचं यंत्र 17 मिनिटं पुढं असतं आणि शेजारच्या बँकेचं बरोबर असतं – मग एकच चोर दोन ठिकाणी दिसतो. घड्याळ चुकलं की साक्षीदार खोटा पडतो.

46. चित्रणासोबत प्रमाणपत्र हवंच. आता त्याला दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाईलचं हॅश मूल्य त्यात लिहायचं असतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, उमेदवारी अर्ज भरतानाच्या चित्रीकरणापायी, हा प्रमाणपत्राचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2020 चा निकाल सांगतो की मूळ यंत्रच कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही – तेव्हा पेनड्राईव्ह घेतानाच कागदही घे. चार वर्षांनी दुकान विकलेलं असतं.

47. मोबाईल जप्त केलास की चाळायचा नाही. बंद असेल तर बंद, चालू असेल तर फ्लाईट मोड, आयएमईआय लिही, पाकिटात घाल, सील कर – तू एक फोटो उघडून बघितलास तरी त्याची वेळ यंत्रात उमटते, आणि ती जप्तीनंतरची असते. फोन कोणाकडून कोणाकडे गेला तो क्रम आता दोषारोपपत्रातही द्यावा लागतो.

आणि शेवटी मुद्देमाल खोली, जिथं तरुण फौजदार फिरकत नाहीत.

48. वस्तू ठाण्यात आली की त्याच दिवशी मुद्देमाल रजिस्टरला नोंद कर, पावती घे. ‘सकाळी करू’ म्हटलंस तर ती रात्र कोणाच्या ताब्यात होती ते सांगायला कोण येणार? – तुझं कपाट, तुझी किल्ली, म्हणून तूच.

49. प्रयोगशाळेला घेऊन जाणाऱ्या शिपायाचं नाव, पत्राचा जावक नंबर, पोचल्याची पावती आणि त्याचा जबाब, चारही फाईलला – साखळीतला हाच दुवा बहुतेक निसटतो, कारण तो कोणालाच महत्त्वाचा वाटत नाही. प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट यायला वेळ लागतो. पाठवायला तू लावू नकोस.

50. पावसाळ्याआधी एकदा खोली स्वतः उघडून बघ. कागदी पाकिटं जमिनीवर नको, फळीवर हवी – आपल्या ठाण्यांची छपरं गळतात आणि उंदीर कलम बघत नाहीत.

51. गरिबाची मोटारसायकल, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, बाईचं मंगळसूत्र वर्षानुवर्षं अडवून ठेवू नकोस. कोर्टाचा आदेश घे, फोटो काढ, पंचनामा कर, बंधपत्र घे आणि परत दे. 2002 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं, पंधरा दिवस ते महिनाभर, त्यापुढं ठाण्यात ठेवायचं नाही. आणि त्या प्रकरणात मुद्देमाल बदलल्याचा आरोप खुद्द पोलिसांवरच होता – ठाण्याच्या आवारात ज्यावर वेली चढल्यात त्या गाड्यांना मालक आहेत, आणि ते रोज चालत कामाला जातात.

52. फिर्यादीला तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत कळवायचं असतं. तू तीस दिवसांतच फोन कर – त्याला काही सांगण्यासारखं नसलं तरी. ‘विसरलेलो नाही’ एवढं कळलं की तो साहेबांच्या दारात जात नाही.

53. बदली होईल, दोन-तीन जिल्हे फिरशील, आणि एक दिवस पहिल्या ठाण्याच्या केसचं समन्स येईल. आदल्या दिवशी जाऊन केस पेपर सरकारी वकिलांकडे बसून वाच, मुद्देमाल कोर्टात आलाय का ते विचार. पिंजऱ्यात जे आठवतं ते सांग, जे आठवत नाही त्याला आठवत नाही म्हण, आणि चुकलं असेल ते चुकलं म्हण – वकिलाचे पुढचे दहा प्रश्न तिथंच संपतात. बाहेर पडताना कोर्टाकडून हजेरीचा दाखला तेवढा मागून घे – नाही तर नव्या ठाण्याचे साहेब त्या दिवसाची तुझी रजा लावतील.